पाच हजार हिमकण, एक कॅमेरा आणि पिठाची ताटली

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देते. फोनची गॅलरी उघडा आणि एकूण फोटो किती आहेत तो आकडा बघा. पाच हजार? बारा हजार? आता त्यात पावसाचे, ढगांचे, पानाफुलांचे फोटो किती असतील याचा अंदाज घ्या. आणि शेवटचा प्रश्न. त्यातला एक तरी फोटो काढल्यानंतर तुम्ही पुन्हा उघडून नीट पाहिलाय का? उत्तर मला सांगू नका, तुमच्यापाशीच ठेवा.

आता माझा आकडा ऐका. पाच हजारांहून थोडे जास्त. एका माणसाने ४७ हिवाळ्यांत, एकाच कॅमेऱ्याने, मुख्यतः एकाच विषयाचे काढलेले हे फोटो. विषय काय? आकाशातून भुरभुरत पडणारा बर्फाचा एक-एक कण. हिशोब केला तर हिवाळ्याला सरासरी शंभरेक फोटो. आपण एका लग्नाच्या हळदीला एवढे काढतो!

या माणसाचं नाव विल्सन ऑल्विन बेंटली. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको नावाच्या गावचा शेतकरी. गाई राखायचा, दूध काढायचा, शेत बघायचा. विज्ञानाची पदवी नाही, कुठल्या प्रयोगशाळेत नोकरी नाही. अगदी नावापुरताही प्रोफेशनल फोटोग्राफर नाही. तरी 'जगात कुठलेही दोन हिमकण सारखे नसतात' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय, ते जगभर पोचलं ते मुख्यतः या माणसामुळे.

पण आजचा एपिसोड फक्त 'बघा, किती भारी छंद होता' एवढ्यावर थांबणार नाही. बेंटलीच्या फोटोंवरून त्याच्या हयातीत भांडण झालं होतं. त्याने निसर्ग दाखवला, की निसर्गातलं फक्त देखणं तेवढं निवडून दाखवलं? आजच्या आपल्या फोनमध्येही हाच प्रश्न बसलाय. त्यामुळे शेवटपर्यंत ऐका.

फोटोच्या आधीचे लोक

हिमकणांना सहा बाजू असतात, हे बेंटलीच्या कितीतरी आधीपासून लोकांना माहीत होतं. सन १६११ मध्ये योहानेस केप्लरने, हो, ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणाऱ्या त्याच केप्लरने, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्या वेळी तो प्रागमध्ये होता आणि ही पुस्तिका म्हणजे आपल्या एका आश्रयदात्याला नव्या वर्षाची भेट होती. त्याचा प्रश्न साधा होता. हिमकण नेहमी सहा कोनांचेच का? पाच का नाहीत, सात का नाहीत? उत्तर त्याला सापडलं नाही. पण छोटे गोळे एकमेकांना चिकटून रचले तर षटकोन कसा तयार होतो, या दिशेने त्याचा विचार गेला, आणि ती दिशा बरोबर होती.

पुढे १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने मायक्रोस्कोपमधून दिसलेल्या गोष्टींचं एक प्रसिद्ध सचित्र पुस्तक काढलं. त्यात पिसू होती, बुरशी होती आणि हिमकणही होते. जपानमध्ये तर कोगा संस्थानचा सरदार दोई तोशित्सुरा याने कितीतरी हिवाळे हिमकण न्याहाळले आणि १८३२ मध्ये त्यांच्या ८६ आकृत्या छापल्या.

या सगळ्यांची अडचण एकच होती. हिमकण थांबत नाही. तुम्ही कागदावर तिसरी पाकळी काढेपर्यंत पहिली वितळलेली असते. मग उरलेलं चित्र आठवणीतून पूर्ण करायचं. आणि आठवण गोष्टी नीटनेटक्या करून टाकते, हे आपल्याला माहीत आहेच.

आई, मायक्रोस्कोप आणि शंभर डॉलर

बेंटलीचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ चा. त्याची आई लग्नाआधी शाळेत शिकवायची. बेंटली चौदा वर्षांचा होईपर्यंत तिने त्याला घरीच शिकवलं. तिच्या शिक्षकी पेशातला एक जुना मायक्रोस्कोप घरात होता. पंधराव्या वर्षी तो या पोराच्या हाती आला. गवताचं पातं, फुलाची पाकळी, पाण्याचा थेंब, असं सापडेल ते तो त्याखाली ठेवायचा. आणि जेरिकोमध्ये सगळ्यात जास्त सापडायचं काय? बर्फ! व्हरमाँटच्या डोंगराळ भागातलं गाव ते. हिवाळ्यात बर्फाला काही तोटा नाही.

म्हणजे बघा, त्याने निवडलेला विषय दुर्मीळ अजिबात नव्हता. गावातले बाकीचे लोक ज्याला फावड्याने बाजूला सारत होते, त्याच गोष्टीकडे हा वाकून बघत होता.

आधी काही हिवाळे त्याने चित्रं काढली. हूकला आली तीच अडचण त्यालाही आली. कण वितळायचे, चित्र अर्धंच राहायचं. मग त्याने कुठेतरी वाचलं की मायक्रोस्कोपला जोडता येणारा कॅमेरा मिळतो. किंमत साधारण शंभर डॉलर. शेतकऱ्याच्या घरात १८८० च्या दशकात ही फार मोठी रक्कम होती. वडिलांना हा सगळा उद्योग म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी वाटायचा, आणि पुढेही त्यांचं मत फारसं बदललं नाही. पण आईने रदबदली केली आणि कॅमेरा आला.

इथे तंत्रज्ञानाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. बेंटली वीस वर्षं आधी जन्मला असता तर हे जमलं नसतं. त्याआधीच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. कडाक्याच्या थंडीत, हातातला कण उडून जात असताना ही कसरत कोण करणार? पण जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा १८७० च्या दशकाअखेर बाजारात मिळायला लागल्या. तयार काच आणा, कॅमेऱ्यात घाला, फोटो घ्या, धुण्याचं काम नंतर सावकाश करा. ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा, ज्याने फोटोग्राफी घराघरांत नेली, तो आला १८८८ मध्ये. म्हणजे बेंटली हौशी फोटोग्राफरांच्या त्या मोठ्या लाटेच्याही थोडा पुढेच होता.

तरी कॅमेरा आला आणि दुसऱ्या दिवशी फोटो मिळाले, असं झालं नाही. काचांमागून काचा वाया गेल्या. कण दिसायचा, पण धूसर. शेवटी त्याच्या लक्षात आलं की प्रकाश आत सोडणारं छिद्र अगदी बारीक ठेवायला हवं आणि काचेवर प्रकाश बराच वेळ पडू द्यायला हवा. १५ जानेवारी १८८५ ला त्याला पहिला हिमस्फटिकाचा स्वच्छ फोटो मिळाला. त्या दिवशी त्याला वीस पूर्ण व्हायला अजून तीनेक आठवडे होते.

एक फोटो कसा निघायचा

ही पद्धत मला फार आवडते, म्हणून सावकाश सांगते.

बर्फ पडायला लागला की बेंटली एक काळा रंगवलेला लाकडी ट्रे घेऊन बाहेर उभा राहायचा. ट्रेला तारेची मूठ, कारण हाताची ऊब लाकडात उतरली तर खेळ संपला. हातात जाड मोजे. ट्रेवर थोडे कण पडले की आत यायचं. आत म्हणजे कुठे? चूल पेटलेल्या उबदार घरात नाही, तर मागच्या शेकोटी नसलेल्या खोलीत. तिथलं तापमान बाहेरच्याइतकंच. कॅमेरा, मायक्रोस्कोप, काचपट्ट्या, सगळं आधीपासून तिथेच गारठून तयार ठेवलेलं.

मग भिंगातून ट्रे तपासायचा. नकोसे कण पिसाने अलगद झाडून टाकायचे. हवा तो कण सापडला की लाकडाच्या बारीक काडीच्या टोकाने त्याला हलकेच टेकायचं. कण काडीला चिकटतो. तो काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसाच्या कडेने दाबून सपाट बसवायचा. हे सगळं श्वास रोखून! नाकातून आलेली गरम वाफही त्या कणाला पुरेशी आहे.

नंतर काचपट्टी मायक्रोस्कोपखाली. कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे, म्हणजे उजेड कणाच्या आरपार येतो. फोकस करायचा आणि काच उघडी ठेवायची. कधी दहा-बारा सेकंद, कधी मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात कण वितळला नाही तरी थेट वाफ होऊन झिजत असतो. शून्याखालीही बर्फ हवेत उडून जातो, आणि सगळ्यात आधी जातात ती टोकांची नाजूक नक्षी. म्हणजे ट्रेवर पडल्यापासून हाताशी मिनिटं मोजकीच.

रिट्राय नाही, बर्स्ट मोड नाही. आणि फोटो बरा आला की वाईट, हे काच धुतल्यावरच कळणार.

शिवाय वादळ वेळ बघून येत नाही. गाईंची धार काढायची वेळ आणि चांगला बर्फ पडायची वेळ एकच असू शकते. हे त्याने ४७ हिवाळे केलं, तेही शेवटपर्यंत त्याच पहिल्या कॅमेऱ्यावर.

गाव काय म्हणालं, जग काय म्हणालं

गावातल्या बऱ्याच जणांना तो जरा चक्रम वाटायचा. त्याने लग्न केलं नाही. वाद्यं वाजवायची आवड होती, माणसांत रमायचा, पण 'बर्फाचे फोटो काढून करायचं काय?' या प्रश्नाला गावाच्या हिशोबात उत्तर नव्हतं. हा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे. 'याचा उपयोग काय? यातून मिळतं काय?'

पहिली तेरा वर्षं त्याने फोटो काढले आणि बाहेरच्या जगाला त्याचा जवळपास पत्ताच नव्हता. मग व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या मदतीने १८९८ मध्ये त्याचा पहिला लेख आला. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात तो नियमित लिहू लागला. १९०३ मध्ये त्याने ५०० फोटो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवले, ते जपले जावेत म्हणून. शाळा-कॉलेजांना तो काचेच्या स्लाइड विकायचा, एक स्लाइड पाच सेंटला. कापडावर नक्षी करणारे आणि दागिने घडवणारे त्याच्या चित्रांवरून आकृत्या घ्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याचं नावच ठेवलं, 'स्नोफ्लेक' बेंटली. श्रीमंत मात्र तो झाला नाही. या छंदात मिळालं त्याहून गेलंच जास्त.

आता भांडणाकडे

बेंटली अमेरिकेत बर्फ टिपत होता, त्याच सुमारास जर्मनीतही हे काम चालू होतं. तिथले हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमन यांनी १८९३ मध्ये हिमस्फटिकांवर पुस्तक काढलं. त्यातले मायक्रोस्कोपमधले फोटो रिचर्ड नॉयहाउस यांचे. या फोटोंतले हिमकण कसे होते माहितीये? बरेचसे वेडेवाकडे. एक हात लांब, एक आखूड. टोकं तुटलेली. एका बाजूला नक्षी, दुसरी बाजू नुसतीच.

आणि बेंटलीचे? एकेक कण असा की मंदिराच्या छताकडे वर बघतोय असं वाटावं. सहाही पाकळ्या जिथल्या तिथे.

जर्मनांनी हरकत घेतली. दोन आरोप होते. पहिला, तू निवडून-निवडून सुबक कणांचेच फोटो काढतोस. दुसरा जास्त गंभीर, तू निगेटिव्हवर हात चालवतोस.

दुसऱ्या आरोपात तथ्य होतं, आणि ते बेंटलीने लपवलंही नव्हतं. उजेड आरपार येत असल्यामुळे मूळ फोटोत पांढरट पार्श्वभूमीवर फिकट कण दिसतो, तो उठून दिसत नाही. म्हणून बेंटली निगेटिव्हची दुसरी प्रत काढायचा आणि तिच्यावर चाकूच्या टोकाने कणाभोवतीचा थर खरवडून काढायचा. छापल्यावर पार्श्वभूमी काळीभोर व्हायची आणि कण चमकून उठायचा. एकेका फोटोला यात बराच वेळ जायचा. त्याचं म्हणणं असं की मी कणाला हात लावत नाही, फक्त त्याच्या भोवतीचं काढतो, आणि त्याने कण जास्त खरा दिसतो. विरोधकांचं म्हणणं, कणाची कड कुठे संपते हे तुझा चाकू ठरवतोय.

पहिल्या आरोपाबाबत तर तो शब्दशः खरा होता. ते पीस आठवतं? 'नकोसे कण झाडून टाकायचे.' आज आपल्याला पक्कं माहीत आहे की आकाशातून पडणारे बहुतेक हिमकण बेढब असतात. एकमेकांवर आपटून तुटलेले, गुठळ्या झालेले, नुसत्या सुया, नुसते ठोकळे. सहा पाकळ्यांची तबकडी नशिबाने मिळते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे वाचताना मला ऑफिसमधलाच विषय चाललाय असं वाटलं. एखाद्या मॉडेलला तुम्ही फक्त छान, स्वच्छ, मधोमध असलेले फोटो शिकवलेत, तर त्याला जग तसंच वाटणार. मग खरा, अर्धवट, गढूळ फोटो आला की ते गोंधळणार. बेंटलीचे फोटो हा आपल्या सगळ्यांचा बर्फाबद्दलचा डेटासेट आहे. नाताळच्या कार्डावरचा, फ्रीजच्या बटणावरचा, इमोजीमधला हिमकण बघा. सहा सारख्या पाकळ्यांचा. ज्यांनी आयुष्यात बर्फ पडताना पाहिला नाही, त्या आपल्यासारख्यांच्या डोक्यातही तोच आकार बसलाय. एका शेतकऱ्याच्या पिसाने काय झाडलं आणि काय ठेवलं, यावरून जगाच्या डोक्यातला बर्फ ठरला.

मग बेंटली खोटा होता का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि कारण सांगते. त्याने दाखवलेला प्रत्येक कण खरोखर पडला होता. सहाही हात असे तंतोतंत जुळू शकतात, हे कागदावरच्या चित्राने सिद्ध होत नव्हतं. चित्रकाराने नीटनेटकं केलं असेल, असं कुणीही म्हणू शकला असता. फोटोने ते सिद्ध केलं. पण 'असं होऊ शकतं' आणि 'नेहमी असंच होतं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्याच्या फोटोंच्या ढिगाने हा फरक पुसला गेला. तो दोष त्याच्या एकट्याचा नाही. बघणाऱ्यांनाही तेच हवं होतं.

जपानमधून आलेलं उत्तर

या भांडणाचा निकाल कोर्टात नाही, प्रयोगशाळेत लागला. बेंटली १९३१ मध्ये गेला. त्याचं पुस्तक थोड्याच काळात जपानच्या होक्काइदो बेटावर, साप्पोरोतल्या विद्यापीठात उकिचिरो नाकाया नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडलं. नाकायांना खरं तर वेगळ्या विषयात संशोधन करायचं होतं, पण तिथे तशी साधनं नव्हती. बर्फ मात्र भरपूर होता. जे हाताशी आहे त्यावर काम करायचं, हा बेंटलीचाच मार्ग!

नाकायांनी बेंटलीला दाद दिली, पण पीस बाजूला ठेवलं. सुया, ठोकळे, तुटके, गुठळ्या झालेले, असे सगळ्या तऱ्हांचे कण त्यांनी टिपले आणि त्यांचं वर्गीकरण केलं. मग प्रश्न विचारला, कुठल्या हवेत कुठला आकार बनतो? त्यासाठी थंड खोलीत बर्फ बनवायला हवा होता. पण कण हवेत तरंगता कसा ठेवायचा? बरेच धागे वापरून झाल्यावर उपाय सापडला तो सशाच्या केसाचा. केसाच्या टोकाला बर्फाचा बारका कण धरतो आणि तिथेच वाढतो. १२ मार्च १९३६ रोजी त्यांनी जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला.

त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं. उणे दोन अंशांच्या आसपास पातळ तबकड्या बनतात. उणे पाचच्या सुमारास सुया आणि लांबट ठोकळे. उणे पंधराच्या आसपास हवेत बाष्प भरपूर असेल, तर ती प्रसिद्ध नक्षीदार चांदणी. सहाच बाजू का, तर बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात म्हणून. केप्लरच्या प्रश्नाचं उत्तर यायला तीनशे वर्षं लागली!

आणि दोन हिमकण सारखे का नसतात? ढगातून खाली येताना प्रत्येक कणाची वाट वेगळी. कुठे जरा थंड, कुठे जरा दमट, त्यानुसार तो वाढतो. कण एवढासा असल्यामुळे त्याच्या सहाही हातांना एका क्षणी एकच हवा मिळते, म्हणून हात एकमेकांसारखे. पण शेजारचा कण थोड्या वेगळ्या वाटेने आलेला, म्हणून तो वेगळा. मग वेडावाकडा कण म्हणजे काय? त्याच्या वाटेत कुणीतरी आपटलं, एक हात मोडला, एक बाजू दवात भिजली. म्हणजे बेढब कणाकडेही सांगायला गोष्ट असते, आणि कधीकधी सुबक कणापेक्षा जास्तच. नाकायांना ढगातली हवा वाचता आली ती या सगळ्या तऱ्हांचे कण एकत्र पाहिल्यामुळे.

पिठाची ताटली

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे बर्फ कुठे पडतो? तर आता बेंटलीचा तो भाग ऐका, जो फारसा कुणी सांगत नाही.

हिवाळा संपला की बेंटली काय करायचा? दवाने लगडलेल्या गवताचे फोटो काढायचा, कोळ्याच्या ओल्या जाळ्याचे काढायचा. आणि १८९८ पासून त्याने पाऊस मोजायला घेतला. किती इंच पडला हे नव्हे, तर एकेक थेंब केवढा आहे ते.

उपकरण काय? पिठाची ताटली! उथळ ताटलीत इंचभर जाडीचा चाळलेल्या पिठाचा थर. ती पावसात काही सेकंद उघडी धरायची आणि आत आणायची. प्रत्येक थेंब पिठात रुतून त्याची छोटी गोळी बनते. गोळ्या वाळू द्यायच्या आणि मोजायच्या. पण गोळी आणि थेंब यांचा आकार एकच असतो कशावरून? म्हणून त्याने आधी माहीत असलेल्या मापाचे थेंब उंचावरून पिठात पाडून पडताळा घेतला. ज्याला आपण कॅलिब्रेशन म्हणतो ते हेच. सहा वर्षांत त्याने साडेतीनशेच्या आसपास मोजमापं केली आणि १९०४ मध्ये ती छापली. सगळ्यात मोठे थेंब पाव इंचाच्या आसपास, म्हणजे सहा मिलिमीटर. त्याहून मोठा थेंब पडता-पडता फुटतो. काही पाऊस वितळलेल्या बर्फातून येतो आणि काही थेंब एकमेकांत मिसळून बनतो, असा अंदाजही त्याने बांधला होता, आणि तो बरोबर ठरला.

गंमत अशी की फोटोंनी त्याला प्रसिद्धी दिली आणि या कामाकडे मात्र त्या काळी कुणी फारसं बघितलं नाही. पुढे १९४३ मध्ये लॉज आणि पार्सन्स या अमेरिकन संशोधकांनी पिठाचीच पद्धत वापरून थेंबांचे आकार मोजले. कारण शेतातली माती पाण्याबरोबर वाहून जाण्याआधी पावसाचे थेंबच तिला ठोकून सुटी करतात, आणि थेंब जेवढा मोठा तेवढा त्याचा दणका जास्त.

आणि आपल्याकडे? महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. ढग तिथे अक्षरशः दारात येतात. पावसाच्या थेंबांचा आकार मोजणारं यंत्रही तिथे आहे. थेंब आपटला की यंत्राला धक्का कळतो आणि धक्क्यावरून आकार. बेंटलीचा प्रश्न तोच राहिला, पिठाच्या जागी सेन्सर आला.

शेवटची फेरी

त्याच्या आयुष्याचा शेवट पटकन सांगते, तो लांबवण्यासारखा नाही. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं. मजकूर हवामान खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांचा आणि फोटो बेंटलीचे, दोन हजार चारशेहून जास्त. पुढच्याच महिन्यात तो हिमवादळातून काही मैल चालत घरी आला, न्युमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला शेतावरच्या त्याच घरात तो गेला. वय ६६.

आता आपल्याकडे वळूया. तुमच्या फोनचा कॅमेरा बेंटलीच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी सरस आहे. मॅक्रो मोड आहे, बोटाच्या एका टॅपला फोकस आहे. फोन स्वतःच ठरवून आकाश जरा निळं करतो, पानं जरा हिरवी करतो. म्हणजे चाकू आता आपल्या हातात नाही, तो आधीच आत बसवलाय. आणि बेंटलीचं पीस? ते म्हणजे आपलं डिलीटचं बटण. दहातले नऊ उडवायचे, एक स्टेटसला टाकायचा. मग आपल्याच गॅलरीत पाऊस म्हणजे खिडकी, चहा आणि भजी, एवढंच उरतं.

म्हणून येत्या पावसाळ्यासाठी एक प्रयोग सुचवते. ताटलीत इंचभर चाळलेला मैदा किंवा कणीक घ्या. दुसरी ताटली झाकण म्हणून ठेवा. पाऊस आला की दोन-तीन सेकंद उघडा, लगेच झाका. रात्रभर वाळू द्या, चाळणीने हलकेच चाळा. वर उरतील त्या गोळ्या म्हणजे तुमच्या गल्लीत पडलेला पाऊस. शेजारी कंपासमधली पट्टी ठेवा आणि फोटो काढा. एकदा वळवाच्या पावसात करा, एकदा आषाढातल्या झडीत, एकदा श्रावणातल्या भुरभुरीत. फोटोला तारीख आणि वेळ फोन आपोआप लावतोच.

अट एकच. ताटलीत आलेली एकही गोळी वगळायची नाही. वाकडी असो, दोन थेंब चिकटलेले असोत, पीठ कमी पडून चपटी झालेली असो, सगळ्या फोटोत यायला हव्यात. देखणी कुठली ते नंतर ठरवा, आणि ठरवलंत तरी बाकीच्या डिलीट करू नका.

घरच्यांनी विचारलं, 'पीठ घेऊन पावसात काय करतोयस?' तर सांगा, व्हरमाँटच्या एका शेतकऱ्याचं राहिलेलं काम पुढे नेतोय. त्यांनाही ताटली धरायला लावा. बेंटलीच्या घरी एक आई होती म्हणून कॅमेरा आला, हे विसरू नका.

तर मंडळी, आज एवढंच. फोटो आले की पाठवा, चांगले-वाईट सगळे पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि पाऊस आला तर खिडकीतून नको, जरा वाकून जवळून बघा.